पाण्यावर फुगवलेला पफ आठवड्याने का आखडतो? कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

पफ म्हणजे इन्सुलेशनचा कडक पॉलियुरेथेन फोम. त्याची तक्रार साधारण अशी येते. साच्यातून काढताना ब्लॉक टणक, कडा सरळ, वजन ठरल्याइतकं. दोन दिवसांनी कापून १२०० बाय ६०० मिमीच्या शीट केल्या, गुण्या लावला, माप बरोबर. माल गेला. सहाव्या-सातव्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन: १२०० ची शीट ११८२ भरतेय, मधोमध गाल (शीटचे सपाट पृष्ठभाग) बसलेत, दोन शीटच्या सांध्यात बोट जातंय.

रबाळे, महापे, पवने किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या पफ युनिटमध्ये ही तक्रार जून लागला की वाढते आणि ऑक्टोबरात आपोआप कमी होते. म्हणूनच मूळ कारण हाती लागत नाही. ‘पावसाळ्यात होतंच असं’ म्हणून विषय मिटतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा उघडतो. फोम आखडतो तो आतला दाब आणि सेलच्या (फोममधल्या बारीक कप्प्यांच्या) भिंतींची ताकद यांचा मेळ बसत नाही म्हणून. पाऊस फक्त काठावर असलेल्या फोमला ढकलतो.

इथे विषय आहे रिजिड पॉलियुरेथेन फोमचा, म्हणजे बाजारातल्या पफचा, आणि त्यातही पूर्ण किंवा बराचसा पाण्यावर फुगवलेल्या पफचा. १ जानेवारी २०२० पासून भारतात एचसीएफसी-१४१बी या ब्लोइंग एजंटची, म्हणजे फोम फुगवणाऱ्या पदार्थाची, आयात बंद झाली. त्याआधीच्या बहुतेक छोट्या युनिटच्या रेसिपी त्याच्यावर उभ्या होत्या. तो वायू सेलमधून फार सावकाश बाहेर पडायचा, त्यामुळे कमी घनतेचा फोमही ताठ राहायचा. जिथे तीच घनता, तोच साचा, तीच कापणी ठेवून नुसतं ब्लोइंग एजंटच्या जागी पाणी आलं, तिथे हा आजार ठरलेला आहे.

रेसिपीला हात लावण्याआधी घड्याळ बघा

आखडलेला फोम कुठल्याही कारणाने आखडला तरी दिसतो सारखाच. तो कधी आखडला, हे मात्र कारणाप्रमाणे बदलतं. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती आखडला’ हा नाही, ‘कोणत्या दिवशी आखडला’ हा आहे.

साच्यातून काढल्यावर तासाभरात, फोम गरम असतानाच बसला तर तो शिजलाच नव्हता. आयसो (आयसोसायनेट, फोमच्या दोन मुख्य द्रवांपैकी एक) कमी पडलं, मिक्सिंग नीट झालं नाही, किंवा कॅटॅलिस्ट (प्रक्रियेचा वेग ठरवणारा घटक) चुकला. याच वेळेत उलटं झालं, म्हणजे पोट सुटलं, तर साचा लवकर उघडला. दोन्हींचं औषध वेगळं आहे, आणि पोट सुटलेल्या मालावर आखडण्याचे उपाय केले तर पोट आणखी सुटतं.

रात्रीतून, थंड होता होता बसला तर घनता किंवा इंडेक्स (हिशोबाने लागणाऱ्या आयसोच्या किती टक्के आयसो टाकलं तो आकडा) फारच खाली आहे. हा प्रकार बरा म्हणायचा, कारण माल दारातच पकडला जातो.

तीन ते पंधरा दिवसांत हळूहळू बसला तर तो कार्बन डायऑक्साइडचा खेळ. या लेखाचा मुख्य विषय हाच.

कित्येक महिन्यांनी, साइटवर बसवल्यावर फरक पडला तर आधी उष्णता आणि बाष्प तपासा. गडद रंगाच्या पत्र्याखालचा फोम उन्हात सहज ७० अंशांच्या वर जातो. तिथे कारखान्यातली रेसिपी बदलून उपयोग नाही.

आता जाडीबद्दल एक गोष्ट, जी इथे हमखास फसवते. एकाच ब्लॉकमधून २५ मिमी आणि १०० मिमी अशा दोन जाडीच्या शीट कापल्या. २५ ची आखडली, १०० ची शाबूत. निष्कर्ष निघतो: ब्लॉकचा तो भाग खराब होता. तसं नाही. वायू बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी चौपट, तर वेळ सोळापट. २५ ची शीट चार दिवसांत बसली असेल तर १०० ची साधारण दोन महिन्यांनी बसेल, आणि तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या भिंतीवर असेल. उलट दोन्ही बाजूंनी पीपीजीआय (रंगवलेला गॅल्वनाइज्ड) पत्रा असलेल्या पॅनेलमध्ये वायूला फक्त कडेची वाट उरते. म्हणून तोच फोम पॅनेलमध्ये वर्षानुवर्षं टिकतो आणि क्राफ्ट पेपर लावलेल्या किंवा नुसत्या शीटमध्ये आठवड्यात हरतो. ‘पॅनेलला चालतं, मग शीटला का नाही’ याचं उत्तर एवढंच.

सेलच्या आत काय चाललंय

पाणी आणि आयसो यांच्या प्रक्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फोम फुगतो. फोम गोठतो तेव्हा आतलं तापमान १३० अंशांच्या आसपास धरा, मोठ्या ब्लॉकमध्ये त्याहून बरंच जास्त. सेल बंद झाला तेव्हा आतला दाब साधारण बाहेरच्याइतका, म्हणजे एक वातावरण. खोलीच्या २५ अंशांपर्यंत थंड झाल्यावर तोच वायू ०.७४ वातावरणावर येतो. म्हणजे काहीही बाहेर न पडता, नुसतं गार होण्यानेच पाव वातावरणाची पोकळी तयार झाली.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. पॉलियुरेथेनच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड हवेतल्या नायट्रोजनच्या कितीतरी पट वेगाने निसटतो. तो बाहेर पडून गेला आणि हवा अजून आत आलेली नाही, अशी एक मधली वेळ येते. तेव्हा सेल जवळजवळ रिकामा असतो आणि बाहेरून जवळपास पूर्ण एक वातावरण, म्हणजे १०१ किलोपास्कल, त्याला दाबत असतं. ती वेळ भिंतींनी निभावली तर पुढे हवा आत येते, दाब सारखा होतो आणि फोम पुन्हा हलत नाही. नाही निभावली तर गाल बसतात.

म्हणून मापदंड एकच ठेवा: फोमची सगळ्यात कमकुवत दिशेतली दाब सहन करण्याची ताकद १०० किलोपास्कलच्या वर हवी, आणि थोडी राखून हवी. आमच्या मते १३० च्या खाली असलेला पाण्यावरचा फोम शीट म्हणून विकूच नये.

शंका असेल तर आखडलेला तुकडा व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा आणि हवा काढा. तुकडा फुगून मूळ मापाच्या जवळ आला तर सेल बंद आहेत, भिंती शाबूत आहेत आणि दोष फक्त दाबाचा आहे. फुगला नाही तर भिंती मोडल्या आहेत किंवा सेल फाटलेले आहेत. मग मिक्सिंग आणि सिलिकॉनकडे (फुगताना सेल सांभाळणाऱ्या घटकाकडे) बघा.

तीन घन आणि एक फळी

ताकद मोजायला प्रत्येकाकडे यंत्र नसतं. त्याशिवायही काम भागतं. ब्लॉकवर फुगण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवा. सेल त्या दिशेला अंड्यासारखे लांबट असतात, त्यामुळे आडव्या दिशेतली ताकद कधी कधी उभ्या दिशेच्या निम्म्यावर येते. बहुतेक लोक उभ्या दिशेत दाबून खूश होतात, फोम मात्र आडवा आखडतो.

वरची कातडी सोडून गाभ्यातून ५० मिमीचे तीन घन कापा. घन आडवे ठेवा, बाण जमिनीला समांतर. त्रिकोणात मांडा, वर प्लायची जाड फळी टाका. तीन घनांचं मिळून क्षेत्रफळ ७,५०० चौरस मिमी. त्यावर एक वातावरणाचा दाब आणायला साधारण ७७-७८ किलो लागतात. २५ किलोची तीन पोती आणि फळीचं दोन-तीन किलो वजन, झालं काम. फळीवर पोती ठेवण्याआधी प्रत्येक घनाची उंची व्हर्नियरने मोजून लिहा, मग दहा मिनिटांनी आणि २४ तासांनी.

२४ तासांत एक मिलिमीटरपेक्षा कमी बसला तर ठीक. अडीच मिमीपर्यंत गेला तर काठावर आहे, पावसाळ्यात पडणार. पाच मिमी, म्हणजे दहा टक्के गेला तर माल अडवा. खरा दाब चहूबाजूंनी येतो आणि ही परीक्षा एकाच बाजूने दाबते, त्यामुळे हे प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे. पण गाडी भरायची की नाही हे ठरवायला ती पुरते. दहा मिनिटांत ठीक आणि २४ तासांत खचलेला असा निकाल आला तर इंडेक्सवर संशय घ्या. नीट न शिजलेला फोम भाराखाली सावकाश वाहतो.

घनतेसाठी त्याहून सोपं: १०० मिमीचा घन कापा. तो बरोबर एक लिटर, त्यामुळे ग्रॅममधलं वजन म्हणजेच किलो प्रति घनमीटरमधली घनता. ब्लॉकच्या तळातून, मधून आणि वरून असे तीन घन घ्या. सरासरी ३८ आणि मधला ३३ असेल तर आखडणार तो मधलाच, सरासरी काहीही म्हणो.

पावसाळ्याचं पाणी नेमकं कुठे शिरतं

एक साधी रेसिपी घेऊन हिशोब करू. पॉलिओल (आयसोशी जुळून फोम बनवणारा दुसरा मुख्य द्रव) १०० भाग, हायड्रॉक्सिल नंबर (त्यातल्या आयसोशी जुळणाऱ्या गटांचं माप) ४४०. पाणी ४ भाग. सिलिकॉन आणि कॅटॅलिस्ट मिळून ४ भाग. आयसो म्हणजे पॉलिमेरिक एमडीआय, ३१ टक्के एनसीओचा (आयसोतला प्रक्रिया करणारा गट), त्याचं इक्विव्हॅलंट वजन, म्हणजे असा एक गट मिळायला लागणारं वजन, १३५.५.

पॉलिओलचे इक्विव्हॅलंट: १०० गुणिले ४४० भागिले ५६,१०० म्हणजे ०.७८४. पाण्याचे: ४ भागिले ९ म्हणजे ०.४४४. बेरीज १.२२८. इंडेक्स ११० हवा असेल तर आयसो १८३ भाग.

आता ब्लेंडच्या (आयसो सोडून बाकी सगळ्याच्या मिश्रणाच्या) टाकीत ओलीमुळे अर्धा भाग पाणी जास्त आलं असं धरू. वायू साडेबारा टक्क्यांनी वाढला. ढोबळ हिशोबात ४० ची मोकळी घनता (साच्याशिवाय फुगलेल्या फोमची) ३५-३६ वर आली. त्याच वेळी पाण्याने आयसो खाल्लं, त्यामुळे इंडेक्स ११० वरून १०५ वर. घनतेच्या घसरणीनेच ताकद वीसेक टक्क्यांनी पडते, इंडेक्सचं नुकसान वेगळं.

यातली गंमत म्हणजे हे सगळं होताना कोणाला वाईट वाटत नाही. फोम हलका येतोय, त्याच केमिकलमध्ये जास्त शीट निघतात, मालक खूश. जुलैत वजन आपोआप सुधारलं असेल तर तो धोक्याचा इशारा समजा.

पाणी शिरायच्या वाटा ठरलेल्या आहेत. पहिली, उभं ठेवलेलं पिंप. झाकणाच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री गार होतं आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. पिंप शेडखाली, पॅलेटवर ठेवा. बाहेर ठेवावंच लागलं तर आडवं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं.

दुसरी वाट चिलरची (टाकी थंड ठेवणाऱ्या यंत्राची), आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ब्लेंडची टाकी २० अंशांवर ठेवली आणि झाकण अर्धवट उघडं राहिलं, तर थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसा टाकीला आतून येतो. उत्तर चिलर बंद करणं नाही. झाकण बंद ठेवा आणि श्वासनळीला सिलिका जेलची बाटली लावा. जेलचा रंग बदलला की बदला किंवा भट्टीत वाळवा.

तिसरी वाट आयसोच्या बाजूची. तिथे पाणी गेलं की युरियाचे दाणे तयार होतात. ते गाळणीत अडकतात, आयसोचा प्रवाह कमी होतो, इंडेक्स आणखी पडतो. वरच्याच उदाहरणात अर्धा भाग जादा पाणी आणि पाच टक्के कमी आयसो एकत्र आले तर इंडेक्स थेट १०० वर. एकटी एकेक चूक फोम झेलतो, दोन्ही मिळून त्याला आडवा पाडतात. पावसाळ्यात आयसोची गाळणी रोज शिफ्टच्या सुरुवातीला काढून बघा.

इथेच एक सुरक्षेची गोष्ट: पाणी गेलेलं आयसोचं पिंप घट्ट बंद करू नका. १०० ग्रॅम पाण्यातून साधारण १३५ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. पिंप आधी फुगतं, मग फुटतं. बूच सैल ठेवा, पिंप मोकळ्या हवेत बाजूला काढा, पुरवठादाराला कळवा.

ब्लेंडमधलं पाणी कार्ल फिशर टायट्रेशन या प्रयोगशाळेतल्या परीक्षेने मोजतात. वरच्या रेसिपीत ते ३.७ टक्के यायला हवं, ४.१-४.२ आलं तर अर्धा भाग जास्त. परीक्षेची सोय नसेल तर कप टेस्ट करा, पण तुलनेने: एक नमुना न उघडलेल्या पिंपातला, एक टाकीतला. दोन्ही आणि आयसो २२ अंशांवर आणा. ब्लेंड ५० ग्रॅम, आयसो ८५ ग्रॅम, ३,००० फेऱ्यांच्या मिक्सरने पाच ते सात सेकंद ढवळा, एक लिटरच्या कपात. फोम काठावरून वर येईल. थंड झाल्यावर काठाशी सपाट कापा आणि कपाचं वजन वजा करा. राहिलेले ग्रॅम म्हणजे घनता. टाकीचा नमुना दोन-तीन ग्रॅमनी हलका आला तर पाणी शिरलंय. क्रीम टाइम (फुगायला लागेपर्यंतचा वेळ), जेल टाइम (घट्ट होऊन तार येईपर्यंतचा) आणि टॅक फ्री टाइम (हाताला चिकटेनासा होईपर्यंतचा) दोन्हींचे लिहून ठेवा. निव्वळ ‘नेहमीसारखं वाटलं’ ही नोंद नव्हे.

प्रमाणातली चूक

वजनाचं प्रमाण आणि आकारमानाचं प्रमाण एक नव्हे. आयसोची घनता १.२३, ब्लेंडची साधारण १.०७. वरच्या रेसिपीत वजनाने ब्लेंड १०० ला आयसो १६९ लागतं, पण आकारमानाने १०० ला १४७ च. कोणी बादलीच्या खुणांवर माप ठेवलं असेल तर ते आजच बंद करा आणि काटा आणा.

मशीनवर दर सोमवारी आणि प्रत्येक नव्या पिंपाला दोन्ही बाजू वेगवेगळ्या भांड्यांत पाच-पाच सेकंद सोडून वजन करा. तीनदा. तिन्हींत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पंप झिजलाय किंवा कुठेतरी हवा ओढतोय. सरासरी बरोबर आणि प्रत्येक शॉट (मशीनमधून एका वेळी सोडलेला माल) वेगळा, हे सरासरी चुकण्यापेक्षा वाईट, कारण त्यात एकाच ब्लॉकमध्ये मऊ आणि ठिसूळ पट्टे येतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला आयसो १७-१८ अंशांवर असतं आणि घट्ट झालेलं असतं. पहिले चार-पाच शॉट आयसोत कमी येतात. हा आखडण्याचा हिवाळी प्रकार, आणि ‘पहिल्या ब्लॉकचंच नशीब खराब’ म्हणून तो खपवला जातो. पिंपं आदल्या संध्याकाळी आत आणा आणि पहिले शॉट टाकून द्या.

साचा, भराई, कापणी

नुसत्या मोकळ्या घनतेवर साचा भरू नका. आधी साचा जेमतेम भरायला लागणारं वजन काढा, मग त्यावर १० ते २० टक्के जास्त टाका. १२०० बाय ६०० बाय १०० चा साचा म्हणजे ७२ लिटर. जेमतेम भरायला ४० ची घनता लागत असेल तर २.८८ किलो, १५ टक्के जास्त धरून ३.३१ किलो. हा जादा माल वाया जात नाही: सेल गोलसर होतात, कोपऱ्यांतली आणि मधली घनता जवळ येते, आडव्या दिशेची ताकद वाढते. रुपयाला रुपया लावला तर आखडण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच. २५ टक्क्यांच्या वर मात्र जाऊ नका. साच्याच्या बिजागऱ्या आणि पोट सुटणं, दोन्ही डोकं वर काढतात.

पाण्यावरचा फोम थंड पत्र्यावर भुसभुशीत कातडी धरतो. साचा ४५ ते ५० अंशांवर ठेवा. नखाने खरवडल्यावर पिठासारखी पूड निघाली तर साचा गार आहे.

ब्लॉक कापायची घाई सगळ्यांनाच असते, कारण जागा नसते. मोठ्या ब्लॉकचा गाभा दुसऱ्या दिवशीही गरम असतो. गरम गाभ्यातून कापलेली शीट कडेने लवकर आणि मधून उशिरा गार होते, त्यामुळे वाकते. किमान ७२ तास थांबा, ब्लॉकमध्ये हातभर अंतर ठेवा, एकावर एक रचू नका. पाणी आणि आयसोची प्रक्रिया भरपूर उष्णता देते. प्रमाण चुकलेला मोठा ब्लॉक आतून करपतो आणि पेटूही शकतो. पृष्ठभागावर धरलेला इन्फ्रारेड थर्मामीटर गाभ्याबद्दल काहीच सांगत नाही. सळीसारखा थर्मोकपल आत खुपसा.

रेसिपी बदलायचीच असेल तर

वरचं सगळं जागेवर असून तीन घनांची परीक्षा नापास होत असेल, तेव्हाच पुरवठादाराशी रेसिपीबद्दल बोला. नेमकं मागा. पॉलिओलमध्ये सुक्रोज किंवा सॉर्बिटॉलवर आधारित, जास्त फंक्शनॅलिटीचा (एका रेणूला जास्त जोड असलेला) हिस्सा वाढवता येतो. जाळं दाट होतं, ताकद वाढते, पण प्रवाह कमी होतो आणि लांब साच्याचे कोपरे अर्धवट राहू शकतात. अरोमॅटिक पॉलिओलनेही भिंती कडक होतात. इंडेक्स ११५-१२० वर नेता येतो, त्यापुढे ठिसूळपणा वाढतो.

पाणी कमी करून उरलेली फुगवण भौतिक ब्लोइंग एजंटवर टाकणं हा खरा मुळावरचा उपाय, कारण तो वायू सेलमध्ये टिकतो. पण प्रत्येकाची अट वेगळी. सायक्लोपेंटेन ज्वालाग्राही, गॅस डिटेक्टर, अर्थिंग आणि ज्वालारोधक वायरिंगशिवाय त्याच्या वाटेला जाऊच नका. मिथाइल फॉर्मेट ३२ अंशांना उकळतं आणि पाण्याबरोबर साठवलं तर हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होऊन अमाइन कॅटॅलिस्ट मारतं. जुना ब्लेंड म्हणूनच सुस्त होतो. एचएफओ-१२३३झेडडी १९ अंशांना उकळतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं पिंप उघडलं की पैसे हवेत जातात. तेव्हा फोम जड येतो, आखडत नाही, आणि दोष भलत्यालाच जातो.

इन्सुलेशन हा हेतूच नसेल, नुसतं भरण हवं असेल, तर सेल उघडा ठेवणारी रेसिपी घ्या. उघड्या सेलचा स्प्रे फोम ८ किलो घनतेलाही आखडत नाही, कारण त्याच्या आत-बाहेर दाब सारखाच असतो.

कोल्ड रूम आणि बर्फाच्या पेट्या

तुर्भ्याच्या बाजार परिसरातल्या कोल्ड स्टोरेजसाठी किंवा दिवाळे कोळीवाड्यात लागणाऱ्या बर्फाच्या पेट्यांसाठी जाणारा माल खोलीच्या तापमानाला पास करून भागत नाही. उणे २० अंशांवर आतला दाब आणखी पडतो. सायक्लोपेंटेन ४९ अंशांना उकळतं, त्यामुळे थंडीत त्याचा काही भाग सेलमध्येच द्रव होतो आणि दाब द्यायचं थांबवतो. १०० बाय १०० बाय २५ मिमीचे तुकडे उणे २० अंशांवर ४८ तास आणि दुसरे ७० अंशांवर, पाण्याचं भांडं तळाशी ठेवलेल्या बंद डब्यात ४८ तास ठेवा. तुकडे पाण्याला लागू देऊ नका. लांबी-रुंदीत एक टक्क्याच्या आत फरक ठेवा. एक टक्का ऐकायला कमी वाटतो, पण १२०० च्या शीटमध्ये तो १२ मिमीचा सांधा आहे, आणि कोल्ड रूममध्ये त्या सांध्यातच बर्फ धरतो.

ईपीईवाल्यांसाठी दोन ओळी

पॅकिंगचे पांढरे रोल, म्हणजे पॉलिइथिलीनचा ईपीई फोम, पहिल्या दोन-तीन दिवसांत आखडतात त्यामागे हेच तत्त्व आहे. फक्त वायू ब्युटेन. तो हवा आत येण्यापेक्षा लवकर निसटतो. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट घालतात ते त्याचा वेग रोखायला. ते दीड टक्क्याच्या बरंच खाली आलं किंवा नीट मिसळलं नाही की रोल बसतात. गोदामात रोल वाळत असताना ब्युटेन जमिनीलगत साचतो. तिथे खाली झडपा हव्यात, आणि वेल्डिंग तर नकोच.

आखडून पडलेला माल

दोन टक्क्यांच्या आत आखडलेल्या आणि गाल न बसलेल्या शीट लगेच फेकू नका. जाडी ५० मिमीपर्यंत असेल तर हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या घालून निदान चार ते सहा आठवडे ठेवा. हवा आत शिरते, माप स्थिरावतं, थोडंफार परतही येतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा हलला नाही तर पुढच्या छोट्या मापाला कापून विका. पातळ शीट ५०-६० अंशांच्या खोलीत ठेवल्या तर हे लवकर होतं. ज्यांच्या गालावर सुरकुत्या पडल्या, त्यांच्या सेलच्या भिंती मोडलेल्या आहेत. त्या कितीही ठेवल्या तरी सरळ होत नाहीत. त्यांचे ठोकळे करून पॅकिंगला लावा आणि इन्सुलेशनच्या मालात मिसळू देऊ नका.